संत्र्यांच्या प्रतवारी यंत्रासाठी कोणती भाषा? भाषेआधी वेळेचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोल भागातील एका पॅकिंग केंद्रासाठी तुम्ही हिंगणा एमआयडीसीतील आपल्या वर्कशॉपमध्ये संत्र्यांच्या प्रतवारीचे यंत्र बांधले आहे. पट्टा सेकंदाला ०.६ मीटर वेगाने चालतो, फळे १०० मिलिमीटर अंतरावरील कपांतून पुढे सरकतात, वर बसवलेला कॅमेरा आकार व रंग पाहतो आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावरील पायथनचा प्रोग्राम विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडून प्रत्येक फळ त्याच्या खान्यात ढकलतो. बहुतेक फळे बरोबर पडतात, पण मधूनच एखादे शेजारच्या खान्यात जाते आणि दुपारनंतर ही चूक वाढते. सी, सी प्लस प्लस, रस्ट आणि एडा यांपैकी कोणत्या भाषेत प्रोग्राम पुन्हा लिहावा, आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टम) घ्यावी की लिनक्सलाच रिअल-टाइम करावे, तपासणीसाठी कोणती साधने लागतील आणि दोन बोर्ड वापरल्यास ते एकमेकांना कसे जोडावेत, हे तुम्हाला हवे आहे.

माझे मत आधीच सांगतो. अशा कामात भाषेची निवड हा तिसरा निर्णय असतो. पहिला निर्णय म्हणजे कोणते काम किती वेळात झालेच पाहिजे आणि न झाल्यास यंत्राने काय करायचे, हे कागदावर लिहिणे. दुसरा निर्णय म्हणजे त्यांपैकी कोणते काम कोणत्या हार्डवेअरवर ठेवायचे. हे दोन निर्णय नीट झाले की भाषेचा प्रश्न बराच लहान होतो, आणि ते चुकले तर जगातील सर्वांत काटेकोर भाषाही संत्रे योग्य खान्यात टाकू शकत नाही.

रिअल-टाइम म्हणजे वेगवान, हा समज विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांनी पसरवला आहे. रिअल-टाइम प्रणालीत उत्तर बरोबर असणे आणि ते मुदतीच्या आत मिळणे या दोन्ही गोष्टी मिळून काम पूर्ण होते. म्हणून तिथे सरासरी वेळेला फारशी किंमत नसते, सर्वांत वाईट परिस्थितीत लागणाऱ्या वेळेला असते. सरासरी दोन मिलिसेकंद घेणारा पण कधीतरी ऐंशी मिलिसेकंदांवर जाणारा प्रोग्राम इथे निरुपयोगी ठरतो, तर दर वेळी नेमके नऊ मिलिसेकंद घेणारा प्रोग्राम उत्तम ठरतो. ज्या प्रणालीत एकदाही मुदत चुकली तर जीवित किंवा यंत्र धोक्यात येते, तिला हार्ड म्हणतात. चुकल्याने गुणवत्ता घसरते पण काम चालू राहते, तिला सॉफ्ट म्हणतात. आणि उशिरा आलेले उत्तर फेकून द्यावे लागते पण आभाळ कोसळत नाही, तिला फर्म म्हणतात. तुमचे यंत्र या तिसऱ्या प्रकारात बसते.

आता तुमच्याच आकड्यांवरून हिशोब करू. सेकंदाला ०.६ मीटर वेग आणि १०० मिलिमीटरचे अंतर म्हणजे प्रत्येक रांगेतून सेकंदाला सहा फळे, अर्थात एका फळामागे सुमारे १६६ मिलिसेकंद. इजेक्टरने (फळ ढकलणाऱ्या यंत्रणेने) फळाला मध्यापासून १० मिलिमीटर पुढेमागे ढकलले तर चालेल असे धरले, तर वेळेची सूट दोन्ही बाजूंना साधारण १६ मिलिसेकंदांची मिळते. तीस मिलिसेकंदांचा उशीर झाला की पट्टा १८ मिलिमीटर पुढे गेलेला असतो, ढकल फळाच्या कडेला बसते आणि फळ शेजारच्या खान्यात जाते. म्हणजे तुमच्या प्रोग्राममध्ये अधूनमधून काही दहा मिलिसेकंदांचा उशीर शिरतो आहे, आणि तो कुठून येतो ते शोधणे हे खरे काम आहे.

तो येण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. साधे लिनक्स तुमच्या प्रोसेसला केव्हा प्रोसेसर देईल याची हमी देत नाही. पायथनमध्ये चक्रीय संदर्भ शोधून नको असलेली स्मृती मोकळी करणारा कचरा-संकलक अधूनमधून चालतो, आणि नेहमीच्या सीपायथनमध्ये (पायथनच्या प्रचलित रूपात) एका वेळी एकच थ्रेड (प्रोग्राममधील कामाचा स्वतंत्र धागा) पायथनचा कोड चालवू शकत असल्याने चित्रविश्लेषणाचा थ्रेड व्हॉल्व्हच्या थ्रेडला अडवून धरतो. त्याच प्रोग्राममधून एसडी कार्डवर नोंदी लिहिल्या जात असतील, तर कार्डाच्या आतील जागा मोकळी होईपर्यंत लेखन शंभर मिलिसेकंदांहूनही अधिक अडकू शकते; हे मी अनेक यंत्रांत पाहिले आहे आणि तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दुपारच्या चुकांचे कारण मला बहुधा उष्णतेत दिसते. मृग बहाराचा माल येत असतो तेव्हा मार्चअखेरीस आपल्याकडे दुपारचा पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. वर पत्र्याची शेड, बंद पॅनेल आणि त्याच पॅनेलमध्ये व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण). रास्पबेरी पाय ४ ची चिप ८० अंश सेल्सिअसला पोहोचली की फर्मवेअर तिचा वेग आपोआप कमी करू लागते. प्रोग्राम तोच राहतो, पण त्याला लागणारा वेळ वाढतो. बोर्डचे तापमान आणि वेग-कपातीची खूण तासाभराच्या अंतराने नोंदवा आणि चुकीच्या फळांच्या नोंदीशी ताडून पाहा. हे करायला एक दिवस पुरे आहे आणि कोणतीही नवी भाषा शिकावी लागत नाही.

यावर पंखा बसवणे हा उपाय तात्पुरता ठरेल. मूळ दोष असा आहे की ज्या कामाला दोन सेकंदांची मुदत आहे आणि ज्याला सोळा मिलिसेकंदांची, ती दोन्ही कामे एकाच प्रोग्राममध्ये कोंबली आहेत. कॅमेऱ्यापासून पहिला इजेक्टर १.२ मीटर दूर असेल, तर फळाला तिथे पोहोचायला दोन सेकंद लागतात. चित्रविश्लेषणाला एखाद्या फळासाठी ८० मिलिसेकंद लागोत की ३००, उत्तर दोन सेकंदांच्या आत मिळाले की पुरे. फक्त सरासरी १६६ मिलिसेकंदांच्या खाली राहिली पाहिजे, नाहीतर रांग साचत जाईल. म्हणून चित्राचे काम लिनक्सवर आणि पायथनमध्येच राहू द्या. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम मात्र एका स्वतंत्र मायक्रोकंट्रोलरकडे (एका चिपवरील छोट्या संगणकाकडे) किंवा पीएलसीकडे (कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या तयार नियंत्रकाकडे) द्या. लिनक्सने फक्त एवढेच कळवायचे की अमुक क्रमांकाच्या कपातील फळ तिसऱ्या खान्यात टाका. ते वेळेत आले नाही, तर मायक्रोकंट्रोलरने फळ कुठेही न ढकलता शेवटच्या मिश्र खान्यात जाऊ द्यायचे. चुकीच्या प्रतीत गेलेले संत्रे व्यापाऱ्याकडून परत येते. मिश्र खान्यातील संत्रे पुन्हा पट्ट्यावर टाकता येते. मुदत चुकल्यास काय करायचे हे लिहून ठेवा, असे मी वर म्हटले ते यासाठीच.

दुसरी सुधारणा याहून महत्त्वाची आहे. सध्या तुम्ही कॅमेऱ्यानंतर ठरावीक वेळाने व्हॉल्व्ह उघडता, म्हणजे पट्ट्याचा वेग स्थिर आहे असे गृहीत धरता. पट्ट्यावर माल वाढला, वीजदाब घसरला किंवा पट्टा सैल झाला की हे गृहीतक मोडते. पट्ट्याच्या ड्रमवर एन्कोडर (फिरण्याच्या प्रमाणात विद्युत पल्स देणारे उपकरण) बसवा आणि वेळेऐवजी अंतर मोजा. ड्रमचा व्यास १०० मिलिमीटर असेल तर परीघ ३१४ मिलिमीटर होतो. एका फेऱ्याला १०२४ पल्स देणारा एन्कोडर लावल्यास एक पल्स सुमारे ०.३ मिलिमीटरची होते आणि पूर्ण वेगाला सेकंदाला दोन हजारांच्या आसपास पल्स येतात. कोणत्याही एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरचा टायमर एन्कोडर-मोडमध्ये ही मोजणी हार्डवेअरमध्येच करतो, त्यासाठी एकही इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच करावे लागणारे काम) खर्च होत नाही. व्हॉल्व्ह प्रत्यक्ष उघडायला लागणारा वेळ, समजा २० मिलिसेकंद, चालू वेगाने गुणून तेवढ्या पल्स आधी आज्ञा द्या, ०.६ मीटर वेगाला हे अंतर १२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३९ पल्स. हा वेळ प्रत्येक व्हॉल्व्हसाठी वेगळा मोजावा लागतो, कारण एकाच खोक्यातील व्हॉल्व्हही सारखे वागत नाहीत.

आता भाषा. मायक्रोकंट्रोलरवरील या छोट्या प्रोग्रामसाठी मी तुमच्या जागी सी निवडेन, आणि त्याचे कारण तिच्या गुणांपेक्षा तिच्याभोवतीच्या व्यवस्थेत आहे. चिप बनवणाऱ्याची लायब्ररी सीमध्ये मिळते, जवळपास प्रत्येक आरटीओएस सीमध्ये वापरता येते, डीबगरला ती कळते आणि उद्या तुम्ही नसाल तेव्हा हिंगण्यात किंवा बुटीबोरीत सी वाचू शकणारा माणूस सापडतो. सीचे धोकेही तितकेच खरे आहेत. ॲरेची मर्यादा ओलांडली तर ती काही बोलत नाही, इंटरप्ट आणि मुख्य प्रोग्राम यांच्यात वाटून घेतलेल्या चलाला व्होलाटाइल म्हणायला विसरलात तर कंपायलर त्याचे वाचनच काढून टाकू शकतो, आणि व्होलाटाइल म्हटले म्हणून ते चल अखंडपणे वाचले जाईल याची हमी मिळत नाही. म्हणून सी वापरायची तर मिस्रा सीच्या नियमांच्या चौकटीत वापरावी. वाहन उद्योगासाठी १९९८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले हे नियम आज विमान, रेल्वे आणि वैद्यकीय उपकरणांतही पाळले जातात. सगळे नियम पहिल्याच दिवशी पाळता आले नाहीत तरी दोन नियम सोडू नका: चालू प्रोग्राममध्ये मॅलॉकने स्मृती मागायची नाही आणि रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणे) वापरायचे नाही. पहिल्यामुळे लागणारा वेळ अनिश्चित होतो आणि स्मृतीचे तुकडे पडत जातात. दुसऱ्यामुळे स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती स्मृती) किती लागेल हे आधी सांगता येत नाही.

सी प्लस प्लसबद्दल लोक टोकाची मते मांडतात. तिचे टेम्पलेट, क्लास आणि कॉन्स्टएक्स्पर वापरल्याने चालताना सहसा जादा खर्च पडत नाही आणि कोड सुरक्षित होतो; अपवाद-व्यवस्था, न्यू आणि डायनॅमिक कास्ट बंद ठेवले की ती या कामाला चांगली भाषा आहे. फक्त टीममधील प्रत्येकाने भाषेचा तोच भाग वापरायला हवा. हे सांगायला जितके सोपे तितके पाळायला अवघड असते.

एडा या विषयाची अभिजात भाषा आहे आणि तिच्याविषयी आपल्या महाविद्यालयांत फार कमी बोलले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे सत्तरच्या दशकात शेकडो भाषांत लिहिलेल्या प्रणाली साचल्या होत्या. त्यांना पर्याय म्हणून झाँ इश्बिया यांच्या नेतृत्वाखाली ही भाषा घडली आणि १९८३ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले. टास्क (एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामे), टास्कचे प्राधान्य आणि ठरावीक क्षणापर्यंत थांबणे या गोष्टी तिथे लायब्ररीत नसून भाषेतच आहेत. खान्याचा क्रमांक एक ते आठ एवढाच असू शकतो, असा प्रकार तुम्ही घोषित करता आणि नऊ आला की कंपायलर किंवा चालू प्रोग्राम तिथेच हरकत घेतो. एडा ९५ ने संरक्षित ऑब्जेक्ट आणले. त्यामुळे दोन टास्कमधील माहितीची देवाणघेवाण स्वतः कुलूप न हाताळता, पण शिस्तीत करता येते. १९९७ मध्ये इंग्लंडमधील रेव्हन्सकार या गावी भरलेल्या कार्यशाळेत टास्किंगचा एक असा छोटा उपसंच ठरला की ज्याचे वेळापत्रक गणिताने तपासता येते. तो आज भाषेच्या मानकाचा भाग आहे. त्याच्या जोडीला स्पार्क हा एडाचा उपसंच आहे, ज्यात ओव्हरफ्लो किंवा मर्यादाभंग होणारच नाही हे चाचणीशिवाय, सिद्धतेने दाखवता येते. बोइंग ७७७ च्या प्रणालींचा मोठा भाग एडात आहे.

तरीही भाषेवर विसंबून राहू नये याचा सर्वांत महागडा पुरावाही एडाचाच आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात मुख्य इंजिन पेटल्यावर सुमारे ३७ सेकंदांनी ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना ओव्हरफ्लो झाला. तो कोड एरियान ४ वरून जसाच्या तसा आणलेला होता, आणि जुन्या यानावर ती संख्या कधीच एवढी मोठी होत नसे, म्हणून तिथली तपासणी जाणूनबुजून काढलेली होती. अपवाद उठला, पण त्याला सांभाळणारे कोणी नव्हते, आणि दिशा सांगणारे दोन्ही संगणक एकाच कारणाने बंद पडून रॉकेट नष्ट झाले. भाषेने तिचे काम केले होते. गृहीतक लिहून तपासण्याचे काम माणसांचे होते. नागपुरात एडाचे काम मिळेल म्हणून ती शिकू नका, ते हैदराबाद-बंगळूरूकडच्या विमान व संरक्षण क्षेत्रात सापडेल. पण एक महिना देऊन तिचा टास्किंगचा भाग शिकलात, तर तुमचा सीमधील कोडही सुधारेल.

रस्टकडे तरुण मंडळींचा ओढा आहे आणि तो योग्य आहे. मालकी आणि उधारीचे तिचे नियम दोन टास्कनी एकच चल एकाच वेळी बदलण्याची चूक कंपायलच्या वेळीच पकडतात. कचरा-संकलक नसल्यामुळे अवेळी थांबाही नाही. आरटिक नावाची तिची चौकट प्राधान्याच्या मर्यादेचे गणित कंपायलच्या वेळी करून इंटरप्टांनाच टास्क बनवते, हे मला फार आवडते. २०२३ मध्ये फेरोसीन या रस्ट कंपायलरला वाहनांच्या सुरक्षा मानकाखाली मान्यताही मिळाली. मात्र रस्ट स्मृतीच्या सुरक्षिततेची हमी देते, वेळेची देत नाही. चुकीचे प्राधान्य दिलेला टास्क रस्टमध्येही मुदत चुकवतोच. तुमच्या हाताखाली दोन माणसे असतील आणि दोघेही शिकायला तयार असतील तर पुढचे यंत्र रस्टमध्ये करा. हंगाम तोंडावर असताना हे नको.

जावाची रिअल-टाइम आवृत्ती, लस्टर-एस्टेरेल घराण्यातील सिंक्रोनस भाषा आणि सिम्युलिंकमधून कोड तयार करणारी साधने ही विमानबांधणी, वाहने व रेल्वे या क्षेत्रांची हत्यारे आहेत. तुमच्या यंत्राला ती लागणार नाहीत.

पीएलसीला मात्र हसू नका. मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड स्वतः बनवण्याऐवजी हाय-स्पीड काउंटर असलेला छोटा पीएलसी घेतला, तर आयईसी ६११३१-३ या मानकातील लॅडर किंवा स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये हेच काम दोन दिवसांत उभे राहते. पीएलसी इनपुट वाचतो, प्रोग्राम चालवतो, आउटपुट लिहितो आणि पुन्हा तेच करतो. स्कॅन ठरलेल्या वेळेत संपला नाही तर त्याचा वॉचडॉग (वेळेवर पहारा ठेवणारा टायमर) त्याला थांबवतो. स्कॅन-टाइम ५ मिलिसेकंद असेल, तर वाईटात वाईट प्रतिसाद दोन स्कॅन अधिक इनपुट फिल्टरचा वेळ एवढा धरावा. सोळा मिलिसेकंदांच्या सुटीत हे कसेबसे बसते. म्हणून इजेक्टरची तुलना सर्वसाधारण स्कॅनमध्ये न ठेवता काउंटरच्या इंटरप्टमध्ये ठेवा. काटोलला रात्री यंत्र बंद पडले तर गावातला इलेक्ट्रिशियन लॅडर वाचू शकतो, तुमचा सीचा कोड वाचू शकत नाही. या एका कारणासाठी मी अनेक ग्राहकांना पीएलसीच सुचवला आहे, जरी मला स्वतःला मायक्रोकंट्रोलरवर काम करणे अधिक आवडते.

मायक्रोकंट्रोलरच घ्यायचा ठरला, तर पुढचा प्रश्न आरटीओएसचा. व्हॉल्व्ह, एन्कोडर आणि एक सिरियल पोर्ट एवढेच असेल, तर एक टायमर इंटरप्ट आणि मुख्य लूप पुरेसा आहे. वजन, पडदा आणि संपर्क अशी कामे वाढू लागली की फ्रीआरटीओएस किंवा झेफिर घ्यावी. फ्रीआरटीओएस रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केली, ती लहान आहे आणि एका आठवड्यात समजते. झेफिरमध्ये ड्रायव्हर आणि नेटवर्क पुष्कळ आहेत, पण तिची रचना समजून घ्यायला धीर लागतो.

टास्कना प्राधान्य देताना महत्त्वाच्या कामाला जास्त प्राधान्य देऊ नका. ज्याचा कालावधी लहान, त्याला जास्त प्राधान्य द्या. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये दाखवले की कालावधीइतकीच मुदत असलेल्या, परस्परांवर अवलंबून नसलेल्या टास्कना या रीतीने प्राधान्य दिले आणि प्रोसेसरचा एकूण वापर एका मर्यादेच्या आत राहिला, तर एकही मुदत चुकत नाही. चार टास्कसाठी ही मर्यादा सुमारे ७५.७ टक्के आहे, आणि टास्क वाढत गेले तरी ती ६९.३ टक्क्यांच्या खाली जात नाही. समजा इजेक्टरचा टास्क दर १ मिलिसेकंदाला ०.२ मिलिसेकंद घेतो, वजनाचा दर १० ला २, संपर्काचा दर २० ला ३ आणि पडद्याचा दर १०० ला १०. वापर अनुक्रमे २०, २०, १५ आणि १० टक्के, बेरीज ६५. हा संच निर्धास्त आहे. एवढी बेरीज करायला जुन्या पाकिटाची मागची बाजूही पुरते, आणि तरी ती केलेले प्रकल्प मला क्वचितच दिसतात.

हे गणित टास्क एकमेकांना अडवत नाहीत असे मानते, आणि तिथेच प्राधान्याची उलटापालट नावाचा दोष शिरतो. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान याच दोषाने पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागले होते. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने सामायिक माहितीचे म्युटेक्स (एका वेळी एकालाच वापर देणारे कुलूप) धरले होते, माहिती वाहणारी बस सांभाळणारा उच्च प्राधान्याचा टास्क त्याची वाट पाहत होता, आणि मधल्या प्राधान्याचे लांब काम त्या कमी प्राधान्याच्या टास्कला चालूच देत नव्हते. शेवटी वॉचडॉग यान पुन्हा सुरू करत असे. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीत ट्रेस घेऊन दोष पकडला आणि यानावरील व्हीएक्सवर्क्स या आरटीओएसच्या म्युटेक्समधील प्राधान्य-वारशाचा (कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते देण्याचा) पर्याय दुरूनच चालू केला. फ्रीआरटीओएसमध्ये म्युटेक्सला हा वारसा मिळतो, पण बायनरी सेमाफोरला मिळत नाही. दोन्ही दिसायला सारखी असल्याने नवशिके सेमाफोरच कुलूप म्हणून वापरतात. याच वर्गातील दुसरी चूक म्हणजे काम झाल्यावर दहा मिलिसेकंद थांबणे. त्यात कामाचा वेळ दर फेरीला मिसळत जातो आणि कालावधी सरकतो. ठरलेल्या क्षणापर्यंत थांबा: एडाचे डिले अंटिल, फ्रीआरटीओएसचे टास्क-डिले-अंटिल आणि लिनक्समधील निरपेक्ष वेळेचे नॅनोस्लीप ही तिन्ही एकच गोष्ट सांगतात.

लिनक्सलाच रिअल-टाइम करता येईल का? येईल. सुमारे वीस वर्षे मूळ कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर वाढलेला प्रीएम्प्ट-आरटी हा रिअल-टाइम बदलांचा संच २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य प्रवाहात आला. तो चालू करून, प्रक्रियेची स्मृती कुलूपबंद करून, टास्कला फिफो धोरणाने उच्च प्राधान्य देऊन आणि प्रोसेसरचा एक गाभा फक्त त्याच्यासाठी राखून ठेवला, तर चांगल्या बोर्डावर जिटर (वेळेतील चढउतार) सहसा शंभर-दोनशे मायक्रोसेकंदांच्या आत राहतो. तुमच्या सोळा मिलिसेकंदांना ते पुष्कळ झाले. पण त्यासाठी प्रोग्राम सी किंवा रस्टसारख्या भाषेतच लिहावा लागेल, आणि वर सांगितलेली उष्णतेची वेग-कपात व एसडी कार्डाचा प्रश्न तसाच राहील. म्हणून मी विभागणीच्या बाजूने आहे. तरीही हा मार्ग घेतलात तर सायक्लिकटेस्ट हे उशीर मोजणारे साधन प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्क यांवर मुद्दाम भार टाकून किमान एक रात्र आणि एक तापलेली दुपार चालवा, आणि त्यातील कमाल आकडा बघा. सरासरीचा रकाना झाकून ठेवला तरी चालेल.

साधनांमध्ये सर्वांत उपयोगी ते सर्वांत स्वस्त आहे. प्रत्येक टास्क सुरू होताना एक पिन उंच करा, संपताना खाली आणा आणि आठ चॅनेलचा साधा लॉजिक ॲनालायझर लावा. कोणता टास्क कोणाला अडवतो हे पडद्यावर सरळ दिसते, आणि एन्कोडर व व्हॉल्व्हचे सिग्नल त्याच पट्टीवर ठेवता येतात. कोडच्या आत मोजायचे असेल तर कॉर्टेक्स-एम४ मधील सायकल-काउंटर वापरा. १६८ मेगाहर्ट्झला तो साधारण साडेपंचवीस सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो, हे लक्षात असू द्या. फ्रीआरटीओएसचा पूर्ण इतिहास पाहायला सेगरचे सिस्टमव्ह्यू किंवा पर्सेपिओचे ट्रेसलायझर आहे. स्टॅकसाठी जीसीसीचा स्टॅक-वापराचा अहवाल आणि आरटीओएसची उच्चतम-पातळीची नोंद दोन्ही पाहा. स्थिर विश्लेषणासाठी सीपीपीचेक फुकट आहे आणि त्यात मिस्राची तपासणीही करता येते. विमान क्षेत्रात एआयटीसारखी साधने मशिन कोडवरून कमाल वेळेची वरची मर्यादा काढतात, कारण मोजलेला कमाल वेळ म्हणजे आतापर्यंत दिसलेला कमाल वेळ, त्याहून वाईट फेरी अजून यायची असू शकते. तुम्हाला ती खरेदी करण्याची गरज नाही. कॅश नसलेला कॉर्टेक्स-एम४ घेतलात आणि मोजलेल्या कमाल वेळेवर दीडपट जागा सोडलीत की पुरे.

वेळेच्या मोजणीतच दडलेला दोष चाचणीत सापडत नाही, कारण चाचणी लहान असते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी पॅट्रियट यंत्रणा स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मरण पावले. तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत असे, एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, आणि २४ बिटांतली ती बारीक तूट शंभर तास सलग चालल्यावर ०.३४ सेकंद झाली होती. तुमच्याकडे वेळ आणि पल्स दोन्ही पूर्णांकातच ठेवा. मिलिसेकंदांचा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. आंबिया बहारात पॅनेलची वीज बंदच केली नाही तर तो क्षण हंगामाच्या मधोमध येईल. दोन वेळा थेट लहान-मोठ्या म्हणून ताडून पाहण्याऐवजी चिन्हविरहित वजाबाकी करून फरक तपासला, तर हे ओलांडणे निर्धोक होते. चाचणीसाठी काउंटर मुद्दाम कमाल मूल्याच्या एक मिनिट अलीकडे सुरू करा.

राहिला दोन बोर्ड जोडण्याचा प्रश्न. पॅनेलमध्ये विद्युत गोंगाट करणारे व्हीएफडी असल्याने यूएआरटीची (साध्या सिरियल जोडणीची) तार लांब नेऊ नका. आरएस-४८५ किंवा कॅन या प्रकारची जोडणी घ्या, केबल पिळलेली व शील्ड असलेली वापरा आणि ती मोटरच्या केबलपासून वेगळ्या डक्टमधून न्या. १,१५,२०० बॉडला १२ बाइटांचा संदेश साधारण एका मिलिसेकंदात जातो, आणि दोन सेकंदांच्या मुदतीत तो दोनदा पाठवायलाही जागा आहे. संदेशात कपाचा क्रमांक, खान्याचा क्रमांक, वाढता अनुक्रमांक आणि सीआरसी (संदेशातील चूक ओळखणारा तपासणी-आकडा) एवढेच असू द्या. कपाचा क्रमांक मायक्रोकंट्रोलरनेच एन्कोडरवरून ठरवावा आणि कॅमेऱ्याचा ट्रिगरही त्यानेच द्यावा, म्हणजे चित्र कोणत्या कपाचे आहे याविषयी दोन बोर्डांत मतभेद होणार नाही. लिनक्स बोर्ड अर्धा सेकंद गप्प राहिला तर मायक्रोकंट्रोलरने सगळी फळे मिश्र खान्याकडे सोडावीत आणि पॅनेलवरचा पिवळा दिवा लावावा. पट्टा थांबवण्याचा अधिकार मात्र सॉफ्टवेअरला न देता इमर्जन्सी स्टॉपच्या तारेने थेट व्हीएफडीच्या सेफ-टॉर्क-ऑफ (मोटरचे बळ तोडणाऱ्या) इनपुटला जोडावा.